हात कीबोर्डवरच राहू द्या

तुर्भ्याला आमच्या ऑफिसात एक ताई आहेत, अकाउंट्स बघतात, वीस वर्षं टॅली आणि एक्सेलवर काढली आहेत. परवा मी त्यांच्या बाजूला बसलो होतो, साडेतीन हजार ओळींची शीट उघडी होती आणि शेवटच्या एंट्रीला जायला ताई माउसचं चाक फिरवतायत, फिरवतायत, मध्येच जास्त पुढे जातायत आणि परत मागे येतायत. म्हटलं ताई, कंट्रोल धरा आणि खालचा बाण दाबा. दाबला, आणि थेट शेवटची ओळ. (मध्ये रिकामा सेल आला तर तिथे थांबतं, मग परत दाबायचं.) "अरे, आणि वर यायला?" कंट्रोल होम. ताईंनी चार वेळा खाली-वर करून बघितलं.

अशा शॉर्टकटमध्ये, म्हणजे माउसऐवजी कीबोर्डची दोन-तीन बटणं एकत्र दाबून काम करण्यात, नेमका किती वेळ वाचतो हे मोजलेलं आहे बरं का. 1980 साली कार्ड, मोरान आणि नेवेल या तिघांनी कीस्ट्रोक लेव्हल मॉडेल नावाचा हिशोब मांडला, कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक बारीक हालचालीला त्यांनी सरासरी वेळ दिला. कीबोर्डवरून हात उचलून माउसवर न्यायला 0.4 सेकंद, पॉइंटर हव्या त्या जागी न्यायला 1.1 सेकंद, साधारण टायपिंग येणाऱ्याला एक बटण दाबायला 0.28 सेकंद. आता राइट क्लिक करून कॉपी करायचं तर हात माउसवर, पॉइंटर मजकुरावर, क्लिक, मग पॉइंटर मेनूतल्या कॉपीवर, परत क्लिक, हात परत कीबोर्डवर, म्हणजे झाले जवळपास साडेतीन सेकंद. कंट्रोल सी ला दोन बटणं, अर्धा-पाऊण सेकंद. दिवसात असं दोनशे वेळा केलं तर साधारण नऊ मिनिटं नुसती हात इकडून तिकडे नेण्यात जातात.

पण मला त्या नऊ मिनिटांपेक्षा नजर जास्त महत्त्वाची वाटते. माउस पकडला की डोळे आकड्यावरून उठतात, पॉइंटर कुठंय ते शोधतात, मेनू वाचतात, आणि परत येईपर्यंत "कुठल्या बिलावर होतो मी?" असं होतं. शॉर्टकटमध्ये डोळे आकड्यावरच राहतात.

मग लोक शॉर्टकट शिकून सोडून का देतात? उत्तर त्याच हिशोबात आहे. त्यात मनाच्या तयारीलाही वेळ धरलाय, 1.35 सेकंद. नवा शॉर्टकट असला की "कुठलं बटण होतं बरं" हे आठवण्यात तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ जातो, म्हणून पहिले काही दिवस माउसच बरा वाटतो आणि त्यात चूक काहीच नाही. पण तेच बटण रोज दाबत राहिलं की ते आठवावं लागत नाही, बोटं आपोआप जातात. सवयीच्या हालचाली मेंदूत वेगळ्या जागी बसतात, बेसल गँग्लिया (मेंदूच्या आत खोलवरचा भाग) आणि लहान मेंदू हे काम बघतात. ठाणे स्टेशनला उतरल्यावर रोज वाशीची गाडी पकडणाऱ्या माणसाचे पाय फोनवर बोलता बोलताही ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मकडे वळतात ना, तसंच. म्हणून पंचवीस शॉर्टकटची लिस्ट पाठ करायला जाऊ नका. आठवड्याला एकच घ्या आणि त्या कामासाठी माउसला हात लावू नका.

कंट्रोल बटण तसं खूप जुनं आहे, टेलिप्रिंटरच्या (तारेवरून मजकूर पाठवून पलीकडे छापणाऱ्या मशीनच्या) काळातलं. तिथे प्रत्येक अक्षराला एक आकडा, म्हणजे कोड, असायचा आणि कंट्रोल त्यातून सरळ 64 वजा करायचं. सी चा कोड 67, कंट्रोल धरला की उरले 3. जी चा 71, उरले 7, आणि 7 म्हणजे घंटा, कंट्रोल जी दाबलं की पलीकडच्या मशीनवर खरोखरची घंटा वाजायची! कट-कॉपी-पेस्ट मात्र नंतरचं. 1970 च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ही पद्धत बसवली, पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले आणि 1983 च्या लिसा कॉम्प्युटरवर कट, कॉपी, पेस्टसाठी एक्स, सी, व्ही आणि केलेलं मागे घ्यायला झेड, अशी ओळीने शेजारी असलेली चार अक्षरं आली. डाव्या हाताला सगळी जवळ, उजवा हात माउससाठी मोकळा, किती विचार केलाय बघा.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. विंडोजमध्ये मराठी-इंग्रजी बदलायला कोपऱ्यातल्या छोट्या अक्षरांवर क्लिक करत बसायची गरज नाही, विंडोज बटण धरून स्पेस दाबा. आणि इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) मराठी चालू असतानाही कंट्रोल सी, कंट्रोल व्ही त्याच बटणांवर चालतात, त्यासाठी इंग्रजीत जाऊन यायला नको. मी कितीतरी जणांना दर वेळी भाषा बदलून कॉपी करताना बघितलंय आणि खरंच जीव हळहळतो.

ताईंच्या मॉनिटरच्या कडेला आता एक पिवळी चिठ्ठी आहे. कंट्रोल बाण आता हातात बसलाय म्हणून त्यावर काट मारलीये, खाली लिहिलंय: आल्ट आणि बरोबरचं चिन्ह, बेरीज.