इंग्लंडच्या कुरणात घारापुरीचे खांब

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनावरून गाडी पकडली की दीड-दोन तासांत मॉर्टन-इन-मार्श येतं. तिथून बोर्टन-ऑन-द-हिल या टेकडीवरच्या गावात जायचं आणि लॉन्गबरोच्या दिशेने पायी निघायचं. कुरणं, मेंढ्या, जुने ओक, दर कुंपणाला एक फाटक. कॉट्सवोल्डमधल्या कुठल्याही पायवाटेवर दिसतं तेच इथेही दिसतं. आणि मग झाडांच्या फटीतून एक घुमट वर येतो. तांब्याचा, कांद्याच्या आकाराचा, कल्हई उडालेल्या भांड्यासारखा हिरवा पडलेला. त्याच्या आजूबाजूला छत्र्या, खाली रुंद छज्जा, खिडक्यांवर मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी. ही सीझिनकोटची हवेली. तिचं आजचं रूप 1805च्या सुमाराचं आहे.

ही जागा 1795 साली कर्नल जॉन कॉकरेलने घेतली. बंगालमधून परतलेला हा माणूस तीन वर्षांत वारला आणि जागा धाकट्या भावाकडे, चार्ल्सकडे आली. चार्ल्सनेही पैसा कलकत्त्यातच केला होता, कंपनीच्या नोकरीत आणि सावकारी पेढीत. असा पैसा घेऊन मायदेशी परतणाऱ्यांना इंग्रज ‘नबॉब’ म्हणत. शब्द आपल्याच ‘नवाब’चा, पण त्यात आदर कमी आणि हेवा जास्त. नबॉब परतला की पहिलं काम म्हणजे जमीन घेणं. जमीन असली की समाजात मान, पार्लमेंटात जागा आणि पुढेमागे किताब. चार्ल्सला तिन्ही मिळाले. 1809 साली तो बॅरोनेट झाला.

तिसरा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल हा वास्तुविशारद. जवळच डेल्सफोर्डला त्याने आधी एक घर बांधलं होतं, आणि त्याचा मालक आपल्याला चांगला ठाऊक आहे: वॉरन हेस्टिंग्ज. सालबाईचा तह आपण शाळेत घोकतो तो याच्याच कारकिर्दीतला, 1782चा. पूर्वजांच्या हातून गेलेली डेल्सफोर्डची जहागीर परत मिळवायची हे हेस्टिंग्जचं लहानपणापासूनचं वेड. ती त्याने 1788 साली विकत घेतली आणि त्याच वर्षी पार्लमेंटात त्याच्यावर खटला उभा राहिला. सात वर्षांनी निर्दोष सुटला. पुढे तो डेल्सफोर्डलाच राहिला आणि वारला 1818च्या ऑगस्टमध्ये. दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली ती त्याच वर्षी जूनमध्ये. योगायोगच, पण मराठी माणसाच्या डोळ्यांत भरतो खरा.

गंमत अशी की सीझिनकोट बांधणारा सॅम्युअल भारतात कधी आलाच नव्हता. मग छज्जे आणि छत्र्या कुठून आल्या? चित्रांतून. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे 1786 ते 1793 भारतभर फिरले. मायदेशी परतल्यावर त्यांनी भारतातल्या इमारतींची आणि देखाव्यांची 144 रंगीत चित्रं छापली, आणि इंग्लंडला हिंदुस्थान कसा दिसतो ते घरबसल्या कळलं. सीझिनकोटच्या बागेतल्या भारतीय बांधकामांसाठी चार्ल्सने थॉमसलाच बोलावलं. बागेच्या एकंदर आखणीत त्या काळचा नावाजलेला उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन याचाही सल्ला होता.

इथे धागा आपल्याकडे वळतो. डॅनियल काका-पुतणे 1793 साली मुंबईत होते. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या सोबतीने त्यांनी आसपासची लेणी पाहिली. वेल्स म्हणजे पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढणारा तोच. पुण्याचा गंगाराम तांबट त्याच वर्तुळातला, लेण्यांची रेखाटनं करणारा. वेल्स 1795 साली गेला. त्याने काढलेल्या वेरूळच्या चित्रांचा संच पुढे 1803 साली लंडनमध्ये थॉमस डॅनियलने काढला. सीझिनकोटची बाग आखली गेली ती त्यानंतर लगेच. दुसरं इंग्रज-मराठे युद्धही याच वर्षांतलं. तिकडे असईला तोफा चालल्या आणि इकडे वेरूळची चित्रं छापून झाली, एकाच सालात.

बागेत एक ओढा उतरत येतो. उगमाशी छोटं सूर्यमंदिर आणि त्याच्यापुढे कुंड. ओढा पुढे एका पुलाखालून जातो. पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत, आणि खालचे आखूड जाडजूड खांब घारापुरीच्या लेण्यांवरून बेतलेले आहेत. पुलाखाली पाण्यात पावलं टाकायला दगड मांडलेत. त्यांवरून जाताना डोक्यावर दगडी छत, बाजूला ते खांब आणि पायाखाली वाहतं पाणी. सगळ्या जागेत मला हेच सर्वांत खरं वाटतं. वरचा घुमट थोडा नाटकाच्या पडद्यासारखा आहे. इथे मात्र लेण्यातला अंधार आणि ओल समजलेल्या माणसाचा हात दिसतो. खाली तीन तोंडांचा नाग खोडाला वेटोळे घालून तोंडातून पाणी सोडतो. नंदी हलवायचे की ठेवायचे यावर मालकाचा आणि डॅनियलचा पत्रव्यवहार झाला होता. डॅनियलने थेट विश्वकर्म्याची साक्ष काढली: तो इथे डोकावला तर म्हणेल, राहू द्या बैल.

घराच्या आत मात्र सगळं युरोपी. हिंदुस्थान बाहेरच्या भिंतींपुरता.

1807 साली युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, इथे येऊन गेला. ब्रायटनच्या त्याच्या राजवाड्यावरचे घुमट नंतरचे, 1815 ते 1822मधले, आणि त्यांच्यामागे ही भेट होती असं सर्रास मानलं जातं. बाकी इंग्लंडने ही शैली फारशी उचलली नाही. 1884 साली कॉकरेलांकडून जागा गेली, आणि 1944 साली ती घेणाऱ्या क्लाइनवर्ट कुटुंबाने घर आणि बाग नीट केली. घराच्या दक्षिणेची सरळ कालव्यांची मोगली धाटणीची बाग त्यांच्याच काळातली, म्हणजे विसाव्या शतकातली. ती जुनी समजून फोटो काढणारे पुष्कळ.

पायवाटेचा इतिहास वेगळाच. इंग्लंडमध्ये खासगी कुरणातूनही लोकांची वहिवाट असते, आणि 1949च्या कायद्याने अशा वाटा नकाशावर पक्क्या नोंदायला लावल्या. बोर्टन ते लॉन्गबरो ही वाट त्यांतलीच, म्हणून मालकाला न विचारता कोणीही हवेलीसमोरच्या कुरणातून चालत जाऊ शकतो. बाग मात्र आठवड्यातले मोजके दिवस उघडते. दिवस चुकला तरी घुमट आणि मेंढ्या दिसतात. घारापुरीच्या खांबांसाठी तिकीट काढावं लागतं.