मुठीतल्या तांदळापासून पर्वरीच्या अनुदानापर्यंत

महाराष्ट्रातून गोव्यात राहायला आलेल्या पालकांना एका गोष्टीचे नवल वाटते, ते म्हणजे इथली सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची नसते. शिक्षकांचा पगार, इमारतीची दुरुस्ती, शाळा चालू ठेवायची की शेजारच्या शाळेत विलीन करायची, हे सारे राज्याचे पर्वरीतले शिक्षण खाते ठरवते. पावसाळ्यात वर्गात पाणी गळू लागले, तर मुख्याध्यापकांचे पत्र भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर जाते आणि तोवर मुले कोरड्या कोपऱ्यात बाके ओढून बसतात.

पूर्वी याच्या अगदी उलट होते. पोर्तुगीज राजवटीत सरकारी पैसा मुख्यत्वे पोर्तुगीज शिक्षणाकडे जाई. मराठी शाळा देवळाच्या सभामंडपात किंवा कुणाच्या ओसरीवर भरे आणि शेणवीमामाचा, म्हणजे गावच्या शिक्षकाचा, निर्वाह गावाने दिलेल्या धान्यावर चाले. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदू समाजाला मोकळीक मिळाली आणि १९११ मध्ये फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या तर नावातच त्या काळचा जमाखर्च आहे: घरटी मूठभर तांदूळ. या त्यागाबद्दल मनात आदर आहे. पण ज्या गावाला मूठही जड होती, तिथली मुले अक्षराविना राहिली, हेही विसरता येत नाही.

ही उणीव मुक्तीनंतर भरून निघाली. डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या दयानंद बांदोडकरांनी खेडोपाडी सरकारी मराठी शाळा काढल्या आणि शिक्षकाला दरमहा खात्रीचा पगार मिळू लागला. मात्र त्याबरोबर शाळेची तिजोरी गावातून राजधानीत गेली, आणि पुढे भाषेचा वाद याच तिजोरीभोवती पेटला. १९९० साली, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक स्तरावर मराठी व कोकणी माध्यमालाच अनुदान देण्याचे धोरण आले आणि चर्चसंस्थेच्या अनेक इंग्रजी शाळा कोकणीकडे वळल्या. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजीलाही अनुदान खुले केले. पुढच्या वर्षी आलेल्या मनोहर पर्रीकर सरकारने चर्चसंस्थेच्या शाळांपुरते ते चालू ठेवले, तेव्हा त्याविरोधात भारतीय भाषा सुरक्षा मंचाने आंदोलन छेडले.

शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा योजनेत केंद्र आणि राज्याचा वाटा ६० व ४० टक्के असतो. पंचायतीचा वाटा त्यात नाही. गावाकडे उरले आहेत ते पालक-शिक्षक संघ आणि माध्यान्ह आहाराची पावभाजी रांधणारे महिलांचे स्वयंसहाय्य गट. ज्या शाळेसाठी आजोबांनी तांदूळ दिले, तिचा पट घसरला की ती ठेवायची का, हे मात्र पर्वरीत ठरते.