कंटिन्युएशन गाडी: किंमत किती धरावी, आणि इथे पासिंग होईल का?

जुन्या गाड्यांची तपासणी आणि दुरुस्ती हे आमचं रोजचं काम. आजोबांची फियाट नाहीतर काकांची लॅम्ब्रेटा विकायला मन होत नाही, म्हणून ती आमच्याकडे येते. हल्ली मात्र काही ग्राहक वेगळाच प्रश्न घेऊन येतात. कुणीतरी परदेशातून फोटो पाठवलेले असतात: साठच्या दशकातली स्पोर्ट्स कार, रंग अगदी कोरा, आणि खाली लिहिलेलं असतं ‘कंटिन्युएशन’. ही आणली तर इंदूरात पासिंग होईल का, असं ते विचारतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. बयाणा देण्याआधी वाचावं, ही विनंती.

कंटिन्युएशन म्हणजे मूळ कंपनीनेच जुन्या नकाशांवरून आज बांधलेली गाडी. जॅग्वारने १९६३ मध्ये हलक्या वजनाच्या ई-टाइपसाठी १८ चेसिस नंबर राखून ठेवले होते, पण गाड्या बनल्या १२. उरलेले ६ नंबर पन्नास वर्षं वहीत तसेच पडून होते. २०१४ मध्ये कंपनीने त्या नंबरांच्या गाड्या बांधायला घेतल्या. जॅग्वारच्याच एक्सकेएसएस या स्पोर्ट्स कारची हकिकत मनाला चटका लावणारी आहे. १२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली आणि २५ पैकी ९ गाड्या गिऱ्हाइकापर्यंत पोचल्याच नाहीत. त्या ९ पुन्हा बांधायचं कंपनीने २०१६ मध्ये जाहीर केलं. अ‍ॅस्टन मार्टिनने डीबी४ जीटीच्या २५ गाड्या काढल्या. बेंटलीने आपली १९२९ ची ब्लोअर ही शर्यतीची गाडी पूर्ण खोलली, एकेक भाग स्कॅन केला आणि त्यावरून १२ नव्या बांधल्या. हे काम आम्ही मनापासून मानतो. हाताने पत्रा ठोकणारा डेंटर आज इथे शोधून सापडत नाही; त्या कारखान्यांनी ती विद्या जिवंत ठेवली आहे.

रेप्लिका ही वेगळी वस्तू. ती दुसऱ्याच कुणी, दुसऱ्याच गाडीवर चढवलेली असते. गेल्या पावसाळ्यात निवृत्त बँक अधिकारी असलेले एक काका मोठ्या हौसेने आपली ‘१९४७ ची एमजी टीसी’ ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार दाखवायला घेऊन आले. लाल रंग, तारेची चाकं, पुढे उभी जाळी. दुरून पाहिली तर कुणीही फसेल. आम्ही फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मडगार्डला लावलं, ते घसरून खाली आलं. टीसीची बॉडी म्हणजे अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यावर पोलादी पत्रा; चुंबक चिकटायलाच हवं. दाराची कड उघडून पाहिली तर लाकडाच्या जागी फायबरची जाळी. मग नंबरची पट्टी पाहिली. तिच्यावर पंच केलं होतं ‘टीसी ०११८’. टीसीचे नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण २५१ हा एमजीच्या अ‍ॅबिंग्डन कारखान्याचा टेलिफोन नंबर होता. म्हणजे ०११८ नंबरची टीसी जगात झालेलीच नाही. बॉनेट उघडलं, आत ओम्नी व्हॅनचं इंजिन. आरसीसुद्धा त्या व्हॅनचीच. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. विकणारा आता फोन उचलत नाही, आणि गाडी त्यांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे.

किमतीबद्दल

कंटिन्युएशन गाडी स्वस्त नसते. हलक्या ई-टाइपची नवी गाडी सुमारे १० लाख पौंडांना गेली. जेम्स बाँडच्या गाडीसारख्या अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ च्या २५ कंटिन्युएशन गाड्यांची किंमत होती प्रत्येकी २७ लाख ५० हजार पौंड, कर वेगळे. आता दुसरी बाजू पाहा. १९६३ ची मूळ हलकी ई-टाइप २०१७ मध्ये अमेरिकेत लिलावाला आली, तेव्हा ७३ लाख ७० हजार डॉलरला गेली. नकाशा एकच, पत्रा तसाच, कंपनीही तीच, तरी किमतीत कितीतरी पटींचं अंतर. याचं कारण आम्हाला तरी स्पष्ट दिसतं. नव्या गाडीत तुम्ही कारागिरी आणि कंपनीच्या वहीतली नोंद विकत घेता. मूळ गाडीत तिच्यावर जे जे गुजरलं ते सगळं सोबत येतं: कोणी चालवली, कुठल्या शर्यतीत उतरली, कुणाच्या घरी राहिली.

इंदूरकरांना हे समजवायला लांब जावं लागत नाही. महाराजा यशवंतराव होळकरांनी तीसच्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीकडून बॉडी चढवून घेतली, केशरी आणि काळ्या रंगात. उद्या कुणी तिच्याशी तंतोतंत जुळणारी दुसरी बांधली, तर तिला दाद मिळेल, चांगली किंमतही येईल. पण होळकरांची गाडी म्हणून कुणी पैसे मोजणार नाही.

म्हणून कंटिन्युएशनकडे ‘मूळ गाडी परवडत नाही तर ही घेऊ, हिचीही किंमत तशीच चढेल’ अशा हिशोबाने पाहू नका. आवडली म्हणून घेतलीत तर पस्तावणार नाही. आणि भाव करताना ती कुठे चालवता येणार आहे हे जरूर धरा. ज्या गाडीला रस्ता बंद, तिचे गिऱ्हाईक मोजकेच.

रस्त्याबद्दल

इथेच सगळ्यांत जास्त गैरसमज आहे. ‘चेसिस नंबर १९६३ चा, म्हणजे गाडी व्हिंटेज’, असं विकणारे बिनधास्त सांगतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. त्यांत वय मोजतात ते पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून, आणि ते ५० वर्षांहून जास्त लागतं. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नंबर वहीत १९६३ साली टाकला असला, तरी गाडीची पहिली नोंदणी २०१५ ची असेल तर तिची पन्नाशी २०६५ मध्ये भरेल. तोवर ती आपल्या कायद्याला नवीच गाडी.

आणि नवी म्हणून ती पास होत नाही. एप्रिल २०२० पासून नव्या गाडीला बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक पाळावं लागतं. या गाड्यांत कार्ब्युरेटर असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, एअरबॅग नाही, एबीएस नाही. ते बसवले तर ती कंटिन्युएशन राहत नाही. डीबी४ जीटी तर कंपनीने ट्रॅकसाठी म्हणूनच विकली. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून परवानगी देण्याची सोय आहे. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ रेप्लिका विकायची मुभा दिली. तिथल्या मित्राने ‘माझी तर चालते’ असं सांगितलं, तर तो खोटं बोलत नसतो. पण त्याचा कागद इथल्या आरटीओत चालत नाही.

दुसऱ्या गाडीच्या आरसीवर चालवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ उत्पादकाच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हाच मुद्दा काढेल. समोरच्या जखमी माणसाची भरपाई मग तुमच्या खिशातून जाऊ शकते, ही गोष्ट आम्हाला दंडापेक्षा फार मोठी वाटते.

पीथमपूरचा नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक जवळच आहे, तिथे फिरवू का, असंही विचारतात. ती मुळात वाहन उद्योगाच्या चाचण्यांची जागा आहे. आधी परवानगी घ्यावी लागते, आणि नोंदणी नसलेली गाडी तिथवर न्यायची तर फ्लॅटबेडवरच. एबी रोडवर एक किलोमीटरही चाकांवर नाही.

खरीखुरी पन्नाशी ओलांडलेली गाडी असेल तर वाट बरीच सरळ आहे. नव्या व्हिंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठी ती बाहेर काढता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही, धंद्यालाही लावता येत नाही.

गाडी घ्यायचा विचार असेल तर आम्हाला आधी फोटो पाठवा: नंबरची पट्टी, चेसिसवरचा पंच, इंजिन नंबर, आणि दाराची उघडी कड, चारही जवळून आणि उजेडात. सोबत पहिल्या नोंदणीचा कागद आणि आयात झालेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद. हे कागद विकणारा देत नसेल, तर आमच्या तपासणीवर खर्च करू नका. नाही म्हणून कळवा. कागद असतील तर गाडी पाहायला आमचा माणूस येईल. चुंबक त्याच्या खिशात असतंच.