कॉपीराइट कायदा आणि खाजगी करार

कॉपीराइट हा कायद्याने निर्माण केलेला हक्क आहे आणि तो सर्वांविरुद्ध चालतो. ज्याने लेखकाचे नावही कधी ऐकलेले नाही, त्यालाही परवानगीवाचून पुस्तकाच्या प्रती छापून विकता येत नाहीत. कराराचे बंधन मात्र तो करणाऱ्या पक्षांपुरतेच असते. या दोन व्यवस्थांचा संबंध दुहेरी आहे. कॉपीराइटचे बहुतेक सर्व व्यवहार करारानेच होतात, हा त्याचा सरळ भाग. वाचक, विद्यार्थी आणि संशोधक यांच्यासाठी कायद्याने जी मोकळीक राखून ठेवली आहे ती करारातील एखाद्या कलमाने काढून घेता येते का, हा त्याचा वादग्रस्त भाग होय.

हक्क कायमचा किंवा ठरावीक काळासाठी दुसऱ्याच्या नावे करून देणे म्हणजे अभिहस्तांकन, आणि मालकी स्वतःकडे ठेवून वापराची मुभा देणे म्हणजे परवाना. सही करताना लेखक किंवा कलावंत बहुधा दुबळ्या बाजूला असतो, हे ओळखून अनेक देशांच्या कायद्यांनी या करारांना मर्यादा घातल्या आहेत. भारताच्या 1957 च्या कायद्यानुसार अभिहस्तांकन लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. चित्रपटातील गीतकार आणि संगीतकार यांचा, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज होणाऱ्या इतर वापरांच्या रॉयल्टीतील वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद 2012 च्या दुरुस्तीने केली. वारस आणि कॉपीराइट संस्था एवढाच त्याला अपवाद आहे. अमेरिकेत 1978 पासून लेखकाने स्वतः करून दिलेले हक्क साधारणपणे 35 वर्षांनंतर परत घेता येतात आणि करारात उलट काहीही लिहिलेले असले तरी हा अधिकार शाबूत राहतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाला मात्र तो लागू नाही.

परवान्याचे कलम मोडले की तो निव्वळ करारभंग ठरतो की कॉपीराइटचे उल्लंघन, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला तरी त्यावर बरेच काही अवलंबून असते, कारण उल्लंघनासाठी मनाई हुकूम आणि भरपाई मिळवणे सहसा सोपे जाते. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर फुकट दिले जात असल्याने करारभंगातून झालेले आर्थिक नुकसान दाखवणे तर फारच कठीण. जेकबसन विरुद्ध कॅट्झर या 2008 च्या अमेरिकी निकालात, मूळ लेखकाचे श्रेय देणे आणि केलेले बदल नोंदवणे ही परवान्याची नुसती वचने नसून अटी आहेत, म्हणजे त्या मोडल्यास कॉपीराइटचे उल्लंघन होऊ शकते, असे न्यायालयाने ठरवले आणि अशा परवान्यांना कायद्याचे बळ मिळाले.

वादग्रस्त भागातील सर्वांत जास्त चर्चिलेला निकाल म्हणजे प्रोसीडी विरुद्ध झाइडेनबर्ग (1996). प्रोसीडी कंपनीने 3,000 हून अधिक टेलिफोन डिरेक्टऱ्यांतील माहिती एकत्र करून ती सीडीवर विकायला आणली. नावे आणि क्रमांक यांच्या साध्या यादीत मौलिकता नसल्याने तिला कॉपीराइट मिळत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच फाइस्ट खटल्यात स्पष्ट केले होते. तेव्हा कंपनीने कराराचा आधार घेतला. आत परवान्याच्या अटी असल्याचे खोक्यावर छापलेले होते आणि सीडी सुरू करताच पडद्यावर व्यापारी वापराला मनाई करणारा मजकूर येत असे. एका ग्राहकाने स्वस्तातली घरगुती आवृत्ती घेऊन तीच माहिती इंटरनेटवर विकायला सुरुवात केली. शिकागोतील अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँक ईस्टरब्रुक यांनी करार वैध ठरवला. राज्यांच्या कायद्याने मिळणारा हक्क कॉपीराइटच्या तोडीचा असेल तर अमेरिकेचा कॉपीराइट कायदा त्याला बाजूला सारतो, आणि करार हा राज्यांच्या कायद्याचा विषय आहे. करार परक्यांना बांधत नाही, ही सीडी कोणाला रस्त्यावर सापडली तर परवान्याची अट त्याला लागू होणार नाही, म्हणून हा हक्क कॉपीराइटच्या तोडीचा नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद रेखीव असला तरी अपुरा आहे. प्रत्येक प्रतीसोबत तोच करार जात असेल आणि तो मान्य केल्याशिवाय प्रत वापरताच येत नसेल, तर परका म्हणून उरतो तो फक्त रस्त्यावर सीडी सापडणारा. छापील पुस्तकांच्या काळात न्यायालयांची भूमिका अधिक सावध होती. एका डॉलरहून कमी किमतीला पुस्तक विकल्यास ते उल्लंघन मानले जाईल, अशी सूचना पुस्तकात छापून पुढच्या विक्रीवर ताबा ठेवता येत नाही, असे बॉब्स-मेरिल खटल्यात 1908 मध्येच ठरले होते.

युरोपात हाच पेच उलट्या बाजूने समोर आला. ज्या माहितीसंग्रहाला कॉपीराइटचे किंवा डेटाबेससाठीच्या खास हक्काचे संरक्षण आहे, त्याच्या वापरकर्त्याचे काही किमान हक्क युरोपीय कायद्याने कराराच्या आवाक्याबाहेर ठेवले आहेत. रायनएअर विरुद्ध पीआर एव्हिएशन या 2015 च्या निकालात युरोपीय न्यायालयाने सांगितले की, ज्या संग्रहाला असे कोणतेच संरक्षण नाही त्याला हे किमान हक्कही लागू होत नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे हक्क नाही त्याला कराराने घालता येणारी बंधने हक्कधारकापेक्षा अधिक कडक असू शकतात. अशा जागी कायदेमंडळाने स्पष्ट बोलणे हाच खरा उपाय आहे आणि काही ठिकाणी ते झालेही आहे. सॉफ्टवेअरची आवश्यक राखीव प्रत काढण्याचा हक्क युरोपात 1991 पासून कराराने हिरावता येत नाही. ब्रिटनने 2014 मध्ये अवतरण, विडंबन आणि बिगरव्यापारी संशोधनासाठी केलेले मजकुराचे संगणकीय विश्लेषण यांना असेच संरक्षण दिले.

अमेरिकेत मात्र प्रश्न न्यायालयांवरच सोडलेला आहे. जीनियस या संकेतस्थळाने गाण्यांचे शब्द उतरवून ठेवले होते, परंतु त्यांचा कॉपीराइट त्याच्याकडे नव्हता. आपला मजकूर गूगलच्या शोधनिकालांत दिसतो, हे दाखवण्यासाठी त्याने सरळ आणि वक्र अपॉस्ट्रॉफींचा विशिष्ट क्रम वापरून मोर्स लिपीतील खूण पेरली आणि वापराच्या अटी मोडल्याचा दावा लावला. न्यूयॉर्कमधील अपील न्यायालयाने 2022 मध्ये, हा दावा करारभंगाचा म्हटला तरी प्रत्यक्षात नक्कल रोखण्याचाच आहे, असे सांगून तो फेटाळला. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. त्यामुळे प्रोसीडीचा निकाल आणि हा निकाल आपापल्या न्यायक्षेत्रात आजही उभे आहेत.