'प्युअर हिरोइन'च्या आधीची ऑकलंडमधली चार वर्षं

न्यूझीलंडची गायिका लॉर्ड हिचा पहिला अल्बम 'प्युअर हिरोइन' २७ सप्टेंबर २०१३ रोजी आला, तेव्हा ती १६ वर्षांची होती. या वयात मोठं व्हायची घाई असते म्हणतात. हिला मात्र धास्ती वाटत होती, आणि तीही मोठेपण अजून दारात यायच्या आधीच.

एला येलिच-ओ'कॉनर हे तिचं खरं नाव. आई सोन्या येलिच कवयित्री, त्यामुळे घरात पुस्तकांचा राबता. वाढली ती न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट भागात. खाडीपलीकडे शहराचा मध्यभाग, फेरीबोटीने थोडक्या मिनिटांवर. म्हणजे शहर रोज दिसतं, पण आपण त्यात नसतो. अल्बममधले एकसारख्या घरांचे रस्ते आणि गाडीतून विनाकारण मारलेल्या चकरा इथल्याच आहेत.

२००९ मध्ये शाळेतल्या एका स्पर्धेत ती गायली. सोबत गाणाऱ्या मित्राच्या वडिलांनी तिच्या आवाजाचं घरगुती रेकॉर्डिंग युनिव्हर्सल या संगीत कंपनीकडे पाठवलं आणि बारा-तेरा वर्षांच्या या मुलीशी करार झाला. (तिला सर्रास 'इंडी', म्हणजे बड्या कंपन्यांपासून स्वतंत्र, म्हणतात, त्यात ही एवढी गोम आहे. वृत्ती स्वतंत्र, पण पाठीशी बडी कंपनी.) कंपनीच्या मनात होतं की तिने जुनी सोल, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण शैलीतली, गाणी गावीत. तिने साफ नकार दिला, गाणी स्वतःच लिहायची म्हणाली. मग एकामागून एक गीतकारांबरोबर बसवून पाहिलं, पण सूर जुळेनात. कंपनीने घाई केली नाही, हे तिचं नशीबच म्हणायचं.

२०११ च्या अखेरीस जोएल लिटलशी गाठ पडली. पॉप-पंक बँडमधून बाहेर पडलेला हा माणूस ऑकलंडच्या मॉर्निंगसाइड भागात 'गोल्डन एज' नावाचा छोटा स्टुडिओ चालवत होता. शाळेच्या सुट्ट्यांत तिथे काम चालायचं. त्यांच्या गाण्यांत ताल, चुटक्या आणि एकावर एक चढवलेला तिचाच आवाज. गिटार जवळजवळ नाहीच. नोव्हेंबर २०१२ मध्ये पाच गाणी साउंडक्लाउड या संगीताच्या संकेतस्थळावर फुकट टाकली आणि डाउनलोडचा आकडा साठ हजारांच्या घरात गेला, तेव्हा कुठे कंपनीने ती रीतसर विक्रीला आणली. त्यातलंच 'रॉयल्स' ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं आणि नऊ आठवडे तिथेच राहिलं. जानेवारी २०१४ मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाले.

पण 'रॉयल्स'मध्ये चिडवणं जास्त आहे, भीती कमी. भीती ऐकायची तर 'रिब्स' ऐकावं. आईवडील बाहेरगावी गेलेले असताना तिने घरी पार्टी केली होती, त्या रात्रीवरचं हे गाणं. सांडलेलं पेय, 'ब्रोकन सोशल सीन' या कॅनडाच्या इंडी बँडचं पुन्हा पुन्हा लावलेलं गाणं, आणि मोठ्यांशिवाय मोठ्यांसारखं वागून झाल्यावर पोटात पडलेला गोळा. सुरुवातीला नुसता लांबवलेला आवाज, ठेका बऱ्याच उशिरा येतो, आणि मग शब्द धापा टाकल्यासारखे एकमेकांवर आदळू लागतात. माझ्या मते अल्बमचं मर्म इथे आहे. चार मिनिटांच्या या गाण्यात कुणी प्रेमात पडत नाही, कुणाचं मन मोडत नाही. फक्त वय वाढतं.

अल्बम गाजल्यावर लिहिण्यासारखा तो निवांत कंटाळा हातून गेलाच. पुढचा 'मेलोड्रामा' यायला जून २०१७ उजाडला. या वेळी जोडीला अमेरिकेचा संगीत-निर्माता जॅक अँटोनॉफ, आणि विषयही प्रेमभंगाचा. घरातली पार्टी त्यातही आहे, पण आता कुणाचे आईवडील परत यायचे नाहीत.