अल्यूट टोपली केवळ शोभेची?

संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेली, झाकणावर गोंडस मूठ आणि अंगावर रेशमी नक्षी असलेली इवलीशी टोपली पाहून अलास्कातल्या अल्यूट या मूळ रहिवासी जमातीच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या अशा शोभेच्या वस्तूच विणत आल्या, असा समज पसरला आहे. तो खरा नाही. झाकणाची रेशमी टोपली मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी बहरली. विकत आणलेलं रेशीम नक्षीत आलं तेही व्यापारामुळेच.

अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर झाडं जवळजवळ नाहीत, किनाऱ्यावर रानगवत मात्र मुबलक. ते कापून, हळूहळू सुकवून, नखाने चिरून बायका त्याच्या दोन पात्या उभ्या काड्यांभोवती पीळ देत गुंफत. माग लागत नसे. यातून मासे आणि रानफळं वाहायच्या टोपल्या होत, तशाच अर्ध्या जमिनीत खोदलेल्या घरांतल्या चटया, आडपडदे, अंथरूण आणि हातमोजेसुद्धा. मृतदेहही चटईत गुंडाळत. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक 1778 मध्ये यांपैकी उनालास्का बेटावर पोचला तेव्हा ही विणकला चांगलीच मुरलेली होती.

शोभेची टोपली खोटी, असं मात्र म्हणू नये. तिच्यातली बारीक वीण त्याच हातांची, फक्त गिऱ्हाईक नवं.