बागेच्या जुन्या ट्रॅक्टरची तुटलेली चासी : दुरुस्तीला देण्यापूर्वी

शाळांची मैदाने, कंपन्यांच्या वसाहतींतील हिरवळी, रोपवाटिका आणि पादरा-डभोई बाजूच्या वाड्या येथे वापरात असलेले छोटे ट्रॅक्टर बडोद्यात मकरपुऱ्यातील आमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीसाठी येतात. त्यांपैकी बरेच जुने असतात, काही परदेशातून वापरलेल्या स्थितीत आलेले असतात, आणि इंजिन अजून उत्तम चालत असतानाही चासीला, म्हणजे सगळा भार पेलणाऱ्या सांगाड्याला, तडा गेल्यामुळे ते उभे राहिलेले असतात. ही दुरुस्ती आम्ही कशी करतो, तिला वेळ का लागतो आणि कोणते काम आम्ही नाकारतो, हे ग्राहकांना आधीच माहीत असावे म्हणून हे पत्रक दिले आहे.

शेतीच्या मोठ्या ट्रॅक्टरला बहुधा स्वतंत्र चासी नसते. इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच त्याचा कणा असतो. बागेच्या ट्रॅक्टरचे तसे नाही. गवत कापण्याच्या हलक्या यंत्रांत चासी साधारण अडीच ते तीन मि.मी. जाडीचा पत्रा वाकवून केलेली असते, तर मशागतीच्या भारी यंत्रांत पाच-सहा मि.मी. जाडीचे पोलादी चॅनल (पन्हळीसारख्या आकाराच्या पट्ट्या) वापरलेले असतात. पुढचा ॲक्सल धरणारा ब्रॅकेट मात्र पुष्कळदा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असतो. बाहेरून सगळे एकाच रंगात रंगवलेले असल्यामुळे हा फरक लक्षात येत नाही. म्हणून आम्ही एका कोपऱ्यावर ग्राइंडर लावून ठिणग्या पाहतो. पोलादाच्या ठिणग्या लांब व उजळ उडतात, बिडाच्या आखूड व लालसर. छिन्नीने कड तासली तर पोलादाचा वळलेला कीस निघतो, बिडाचा भुगा पडतो. पुढची सारी दुरुस्ती या एका परीक्षेवर ठरते.

तडा जाण्याच्या जागा बहुतेक ठरलेल्या आहेत : पुढच्या ॲक्सलच्या मधल्या पिनेजवळ, इंजिनाच्या माउंटिंगच्या भोकांपाशी, बॅटरीच्या ट्रेखाली आणि मागे अवजार जोडण्याच्या हिचपाशी. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती जोर न लावताही तुटते, तसेच येथे घडते. एका धक्क्याने चासी क्वचितच मोडते, लाखो लहान हेलकाव्यांनी ती थकते. एक सिलिंडरचे इंजिन मुळातच जास्त थरथरते, त्यात माउंटिंगचा एक बोल्ट ढिला असला तर सगळी थरथर उरलेल्या बोल्टांच्या भोकांवर येते. पुढच्या ॲक्सलची मधली पिन ग्रीसअभावी जाम झाली तर खड्ड्यात एक चाक उतरताना ॲक्सल डुलण्याऐवजी सगळी चासीच पिळली जाते. बॅटरीच्या ट्रेखाली सांडलेल्या आम्लाने पत्रा आतून खाल्ला जातो, आणि कापणीच्या पात्याच्या डेकवर चिकटलेले ओले गवत पावसाळाभर तसेच राहिले तर गंजाचे काम आणखी सोपे होते.

म्हणूनच “एवढे वेल्डिंग मारून द्या, संध्याकाळी घेऊन जातो” असे म्हटले तर आम्ही नम्रपणे नकार देतो. तड्यावर वरून वेल्डिंग करणे अवघड नाही. पण पिन जाम, बोल्ट ढिला आणि आतली चीर तशीच ठेवून केलेले वेल्डिंग थोड्याच काळात शेजारून फाटते आणि दुसऱ्या वेळची दुरुस्ती पहिलीपेक्षा महाग पडते. तडा हा परिणाम आहे. कारण सापडेपर्यंत आम्ही वेल्डिंगचा रॉड हातात घेत नाही.

प्रत्यक्ष काम धुण्यापासून सुरू होते. डिझेल, ग्रीस, माती आणि रंग निघाल्याशिवाय तड्याचे खरे टोक दिसत नाही. दिसणाऱ्या तड्यापेक्षा खरा तडा लांब असतो. जेथे शंका असते तेथे लाल रंगाचे भेदक द्रव लावून सुमारे दहा मिनिटे थांबतो, वरचे पुसून पांढरी पावडर फवारतो, म्हणजे केसासारखी चीर लाल रेघ होऊन उमटते. त्यानंतर तड्याच्या टोकाला लहान भोक पाडतो, कारण टोकदार चिरेच्या शेवटी ताण एकवटतो आणि गोल भोकाने तो पसरतो. मग तडा पूर्ण खोलीपर्यंत साधारण ६० अंशांची व्ही खोबण करून उघडतो. जाड चॅनलमध्ये नुसता वरचा थर वितळवून भागत नाही, जोड मुळापर्यंत गेला पाहिजे.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढतो आणि इंधनाची टाकी यंत्रावरून उतरवतो. रिकामी टाकी निर्धोक असते हा समज चुकीचा आहे; पेट्रोलच्या रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक ठरू शकते. अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावतो, नाहीतर प्रवाह ॲक्सलच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि आज दुरुस्त झालेली चासी उद्या बेअरिंगच्या आवाजाने परत येते.

जाड चॅनलसाठी आम्ही ई ७०१८ जातीचे लो-हायड्रोजन रॉड वापरतो. यातील ‘७०’ म्हणजे जोडाची ताणशक्ती दर चौरस इंचाला ७०,००० पाउंड, म्हणजे जवळजवळ ४९० मेगापास्कल. हे रॉड ओलावा शोषतात, आणि बडोद्याच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत उघड्या पाकिटातले रॉड काही तासांतच बिघडतात. म्हणून ते ३०० ते ३५० अंश सेल्सियसला भट्टीत वाळवूनच वापरतो, नाहीतर ओलाव्यातील हायड्रोजनमुळे जोडाखाली पुन्हा चीर पडू शकते. पातळ पत्र्याला कार्बन डायऑक्साइडच्या आवरणाखाली ०.८ मि.मी. तारेने जोडतो, कारण तेथे जाड रॉडने भोकच पडते. हे वेल्डिंग उघड्यावर, वाऱ्यात करत नाही. वारा गॅस उडवून नेतो आणि जोड सच्छिद्र होतो.

तापलेले पोलाद थंड होताना आकसते आणि चासीला आपल्या बाजूला ओढते. त्यामुळे आधी टाके (भाग जागेवर धरणारे छोटे जोड) घेऊन, दोन्ही कर्ण आणि दोन्ही बाजूंचे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर मोजून, तुकड्या-तुकड्यांत आलटून पालटून वेल्डिंग करतो. हे टाळले तर ट्रॅक्टर सरळ धावत नाही, आणि दोष स्टिअरिंगचा वाटतो.

तड्यावर पट्टी लावावी का, हा प्रश्न ग्राहक नेहमी विचारतात, आणि जाडजूड पट्टी लावली की चासी मजबूत होते असा सर्वांचा समज असतो. आमचा अनुभव असा की जास्त कडक पट्टी पुढचा तडा पट्टीच्या टोकाशी तयार करते, कारण लवचीक पत्रा तेथे अचानक कडक भागाला भेटतो. आम्ही पट्टी चासीइतक्याच किंवा किंचित जास्त जाडीची घेतो, तिची टोके चौकोनी न ठेवता निमुळती कापतो, आणि चॅनलच्या खालच्या, ताण घेणाऱ्या पाखावर (कडेच्या पट्टीवर) आडवे वेल्डिंग टाळून लांबीच्या दिशेने करतो. जोडाची टोके कडेपर्यंत नेत नाही. दिसायला ते अर्धवट वाटते. ते मुद्दाम तसे असते.

बिडाचा ब्रॅकेट तुटला असेल तर बाब वेगळी. बिडात कार्बन साधारण दोन ते चार टक्के असतो, त्यामुळे तो ताणाला ठिसूळ असतो. निकेलच्या रॉडने, आधी गरम करून, आखूड टाके देत, प्रत्येक टाक्यावर हलका हातोडा मारत आणि राखेत सावकाश थंड करत तो जोडता येतो, तरी ॲक्सलचा भार घेणाऱ्या जागी आम्ही त्या जोडावर विश्वास ठेवत नाही. अशा वेळी पोलादी ब्रॅकेट नव्याने बनवून देणे स्वस्त नसले तरी योग्य असते.

परदेशी यंत्रांत इंची बोल्ट असतात आणि येथे एक चूक वारंवार दिसते. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मि.मी.चा असतो, म्हणून त्याच्या आट्यांत एम ८ चा (मेट्रिक, ८ मि.मी.चा) बोल्ट घुसवला जातो, पण दोघांचे आटे वेगळे असल्यामुळे तो दोन-तीन फेऱ्यांत अडकतो, आणि जोर लावला की आटे जातात. आम्ही मूळ मापाचा बोल्टच मिळवतो किंवा भोकात नीट नवे आटे पाडून घेतो. एम १२ चा ८.८ दर्जाचा (हा बोल्टच्या ताकदीचा दर्जा) कोरडा बोल्ट साधारण ८० न्यूटन-मीटरला आवळतो, तोही टॉर्क पान्यानेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच.

ट्रॅक्टर नोंदणीकृत असेल तर चासीवर कोरलेला क्रमांक असलेला भाग आम्ही घासत किंवा कापत नाही. चासीच बदलायची असेल तर मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा विचार करावा लागतो, आणि परिवहन कार्यालयाची परवानगी मालकाने आधी घ्यावी.

गंज इतका पसरला असेल की हातोड्याच्या हलक्या ठोक्याने पत्रा आत जातो, किंवा जुन्या वेल्डिंगवर वेल्डिंग होऊन जागा खडबडीत झाली असेल, तर आम्ही दुरुस्ती नाकारतो. तो भाग कापून नवे चॅनल जोडण्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जात असेल तर तेही स्पष्ट सांगतो. यंत्र धुऊन, उघडून पाहिल्याशिवाय फोनवर दर सांगत नाही.

यंत्र आणताना सुटलेले बोल्ट, वॉशर आणि तुटलेले तुकडेही पिशवीत घालून आणावेत; तुटलेल्या कडेच्या रंगावरून तडा जुना की नवा हे कळते. गंजलेली काळी कड जुना तडा दाखवते, चकचकीत कड शेवटचा तुटलेला भाग. दुरुस्तीनंतर पहिल्या दहा तासांच्या कामानंतर माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, मधल्या पिनेला ग्रीस द्यावे आणि जोडाशेजारचा रंग फुटलेला दिसतो का ते उजेडात पाहावे. रंग रेघेसारखा फुटला असेल तर यंत्र चालवू नये, आम्हाला कळवावे.